पेटंटचं कामही आपल्या मुलामुलींनी शिकावं

मुलगा बी.फार्म. झाला की मेडिकल स्टोअर, मुलगी बी.एस्सी. झाली की बी.एड. आपल्या घरांतला विचार बहुतेक इथेच थांबतो. या यादीत पेटंटचं कामही यावं, असं मला वाटतं.

बेडाक्विलिनचंच उदाहरण घ्या. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं हे औषध. त्याचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपत होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या क्षाररूपावर आणखी एक पेटंट मागितलं; ते मिळालं असतं तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. टीबीतून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला.

पेटंट मंजूर होण्याआधी अशी हरकत कोणीही घेऊ शकतो. पण ती टिकवायला रसायनशास्त्र आणि कायदा दोन्ही जाणणारा माणूस लागतो. गोवंडी-भिवंडीत ज्यांनी टीबी जवळून पाहिलाय, त्यांच्यातूनच तो का तयार होऊ नये?

विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल आणि वयाची 21 वर्षं पूर्ण असतील, तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते. एलएल.बी. लागत नाही. अर्ज लिहिणं, परीक्षकाच्या आक्षेपांना उत्तर देणं, कार्यालयातल्या सुनावणीला उभं राहणं, हे एजंटचं काम. कोर्टात दावा लढवायचा तर मात्र वकिलीची सनद हवी.

शेवटच्या वर्षात असाल, तर पेटंट कायदा, 1970 मधली कलमं 3 आणि 25 या सुट्टीत वाचून काढा.