पडद्याआडची वाचा

२०२४ साली उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत एक विद्यार्थिनी ९८.५ टक्के गुण मिळवून राज्यात प्रथम आली. तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर झळकले आणि यशाचे कौतुक बाजूला राहून चेहऱ्यावरील केसांवरून तिची जाहीर टवाळी सुरू झाली. ही टवाळी केवळ पोरासोरांची होती असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

वसतिगृहात आमचीही भांडणे होत. परंतु ज्याला टोचून बोललो, त्याचे रडवेले तोंड रात्री पंगतीत समोरच दिसे आणि आपला शब्द आपल्यालाच सलू लागे. मोबाईलच्या पडद्याने नेमके हेच हिरावून घेतले आहे. घाव दिसत नाही, म्हणून हात थांबत नाही.

मुलांना उपदेश करण्यापूर्वी आपण माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापले व्हॉट्सॲप गट तपासावेत. कुणाच्या रंगावर वा व्यंगावर केलेला विनोद आपण पुढे पाठवतो, तेव्हा शेजारी बसलेले मूल ते पाहत असते. तथागतांनी सम्यक वाचेत असत्य, चहाडी, कठोर वचन आणि व्यर्थ बडबड यांचा त्याग सांगितला. बोटांनी लिहिलेला शब्दही वाचाच आहे.

तेव्हा तोंडावर बोलता येणार नाही ते लिहू नये. गटात कुणाची टिंगल चालली असेल, तर तिथेच थांबवावी. आणि छळ झालेले मूल आपल्याकडे आले, तर त्याचा फोन काढून न घेता आधी त्याचे म्हणणे ऐकावे. फोन जाईल या भीतीनेच पुष्कळ मुले गप्प राहतात.