हुद्द्याचा रकाना

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडतपेढीचे हिशेब गेली नऊ वर्षे घरच्या सूनबाई पाहतात. यंदा त्यांनी व्यवस्थापनाच्या एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमाचा अर्ज भरावयास घेतला. नाव, शिक्षण, गुण हे रकाने भराभर भरले गेले. ‘सध्याचा हुद्दा’ येथे मात्र काम अडले. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, शीतगृहाच्या पावत्या, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे कॅश क्रेडिट खाते हे सारे त्यांच्या हातून जाते. पण त्यांचे नाव ना भागीदारीपत्रात, ना पगारपत्रकात.

हा अभ्यासक्रम मुळात नोकरदारांसाठी जन्मला. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये तो प्रथम सुरू केला, तेव्हा डोळ्यांसमोर कंपन्यांतील अनुभवी अधिकारी होते. त्यामुळे अर्जात नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी आणि वरिष्ठांचे शिफारसपत्र मागण्याची रीत पडली. पेढीवरचा वरिष्ठ म्हणजे वडील किंवा सासरे. त्यांनी केलेल्या कौतुकाला निवड समिती कितपत वजन देणार? त्यापेक्षा वर्षानुवर्षे हिशेब तपासणारे चार्टर्ड अकाउंटंट, कर्जखाते पाहणारा बँक अधिकारी किंवा परगावचा मोठा खरेदीदार यांचे पत्र अधिक बोलके ठरते. अनुभवाचा पुरावा म्हणून प्राप्तिकर विवरणपत्रे आणि लेखापरीक्षित ताळेबंद जोडता येतात; परंतु त्यांत अर्जदाराचे नाव असावे लागते. नऊ वर्षांचे काम खरे असूनही कागदावर ते शून्य भरते, ही या घरातील अडचण आहे, आणि ती या एकाच घरातील नाही.

निवडीचा प्रश्न त्या मानाने सोपा. अहमदाबादच्या आयआयएमचा ‘पीजीपीएक्स’ हा एक वर्षाचा, पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम. त्यासाठी जीमॅट किंवा जीआरईचे गुण लागतात. जीमॅटचे गुण पाच वर्षे चालतात, तेव्हा ती परीक्षा आधीच देऊन ठेवणे शहाणपणाचे. पण एक वर्ष बाहेर राहणे म्हणजे नव्या हळदीचा संपूर्ण हंगाम दुसऱ्याच्या हाती सोपविणे. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेचा कौटुंबिक व्यवसायासाठीचा अभ्यासक्रम महिन्यातून सुमारे एक आठवडा वर्गात बसवितो आणि उरलेले दिवस पेढीवर पाठवितो. ज्यांना परत गादीवरच बसायचे आहे, त्यांना हीच रचना मानवते.

पदवी की प्रमाणपत्र, यावर घरोघरी फार वाद होतो. आयआयएमनाही २०१७ च्या अधिनियमानंतरच, म्हणजे २०१८ पासून, पदवी देण्याचा अधिकार मिळाला. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा नामांकित एक वर्षाचा अभ्यासक्रम आजही पदवीचा नाही. पुढे प्राध्यापकी किंवा पीएच.डी. करावयाची असेल तर पदवीचा आग्रह धरावा. अडत पाहावयाची असेल तर त्यावाचून सौदा अडत नाही.

शुल्काच्या बाबतीत सासऱ्यांनी मोठेपणा दाखविला: कर्ज आपल्या नावावर घेऊ म्हणाले. येथे थोडे थांबावयास हवे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील वजावट जुन्या करप्रणालीत जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते, आणि ती स्वतःच्या, जोडीदाराच्या वा मुलांच्या शिक्षणासाठीच. सून या व्याख्येत बसत नाही. कर्ज तिने स्वतः अथवा तिच्या पतीने घ्यावे. त्यातही ते बँकेकडून वा मान्य वित्तसंस्थेकडून घेतलेले असावे. घरातून उसनवार घेतलेल्या रकमेच्या व्याजाला ही सवलत नाही.

सासऱ्यांना हे पटले. भागीदारीपत्राची गोष्ट निघाली तेव्हा मात्र ते दोन दिवस काही बोलले नाहीत. धाकट्या मुलाला काय वाटेल, वाटा किती द्यावयाचा, बँकेला नवे भागीदारीपत्र दाखवून कर्जाचे कागद पुन्हा करावे लागतील, अशा शंका होत्या, आणि त्या अगदीच पोकळ नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुने भागीदारीपत्र तिजोरीतून काढून सूनबाईंच्याच हाती दिले आणि मसुद्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटांकडे धाडले. अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आहे. हुद्द्याचा रकाना अजून कोराच आहे.