मुलांचीं दैवतें

घरांतील मूल एखाद्या काल्पनिक वीराच्या भजनीं लागलें, त्याचीं चित्रें भिंतीला डकवूं लागलें, त्याच्या पुस्तकांचे ढीग उशाशीं रचूं लागलें, म्हणजे वडील मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : 'याचा परीक्षेला काय उपयोग?' हा प्रश्न बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारास आणि काळ्या पहाडास विचारून झाला. मार्च १९६४ मध्यें मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केल्यावर तो वेताळास विचारून झाला. आणि आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या टापूंतील कित्येक घरांतून तोच जपानी चित्रकथांस विचारला जात आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारणारांपैकीं फारच थोड्यांनीं तीं पुस्तकें उघडून पाहिलेलीं असतात, ही आमची तक्रार आहे.

वेताळाचेंच पाहा. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं निर्माण केलेला हा बुरखाधारी पुरुष. बापामागून मुलगा तोच वेष चढवितो आणि लोकांस वाटतें, हा एकच पुरुष शेंकडों वर्षें जिवंत आहे. मराठी आवृत्तींत त्यास 'वेताळ' हें नांव मिळालें, तें संस्कृत शिकलेल्या आमच्यासारख्यांस प्रथम खटकतें. सोमदेवाच्या कथासरित्सागरांतील वेताळ शिंशपा वृक्षावर लोंबणाऱ्या प्रेतांत राहतो आणि राजा त्रिविक्रमसेनास कोडीं घालतो. (अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मधलें, सोमदेवानें काश्मीरांत आपला ग्रंथ रचला तो सुमारें त्याच काळीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.) कोकणांत आरवलीचा वेतोबा रात्रीं गांवाची फेरी करितो, म्हणून भक्त त्यास चामड्याच्या वहाणा अर्पण करितात. त्या मानानें अंगाला घट्ट बसणारा पोषाख घालून घोड्यावर स्वार होणारा हा साहेब उपराच. तथापि मरण नसलेला रक्षणकर्ता, असा अर्थ घेतला, तर नांव ठेवणारानें वेतोबाचें स्मरण ठेवलें होतें कीं काय, असें वाटूं लागतें.

आम्हांस दिसणारा दोष निराळाच आहे. आफ्रिकेच्या रानांत एक गोरा पुरुष पिढ्यान् पिढ्या काळ्या लोकांचा पालक म्हणून कवटीच्या सिंहासनावर बसतो, आणि स्वराज्य मिळून सतरा वर्षें झालेल्या देशांतलीं मुलें त्याच्या नांवानें आरोळ्या ठोकतात! याविषयीं मुलांशीं कोणी तरी बोलावयास हवें होतें. बोललें कोणी नाहीं. अंक मात्र रद्दींत घातले.

इंद्रजालच्या आरंभीं त्या कामांत असलेल्या अनंत पै यांनीं अधिक शहाणपण दाखविलें. ते तेथून बाहेर पडले आणि १९६७ सालीं त्यांनीं अमर चित्रकथा काढिली. चित्रांवरील मुलांच्या भक्तीस त्यांनीं नांवें ठेविलीं नाहींत, तिच्यापुढें दुसरें दैवत आणून बसविलें. आणि भा. रा. भागवतांनीं तर दैवत घरचेंच दिलें : फुरसुंगीचा बनेश फेणे. हा फास्टर फेणे १९८७ सालीं दूरदर्शनवर आणि २०१७ सालीं चित्रपटांत आला. त्या चित्रपटांत स्वतः भागवत हेंही एक पात्र आहे. लेखकालाच हात धरून गोष्टींत ओढून न्यावें, इतकें प्रेम वाचकांनीं आणखी कोणावर केलें असेल?

आतां जपानी चित्रकथांकडे वळूं. बदलापूरच्या एका घरांत, जेथें तीन पिढ्या एकत्र नांदतात, याच वरून पंधरा दिवस अबोला होता. बारावींतील मुलीस मुंबईच्या कॉमिक कॉन नांवाच्या मेळाव्यास आपल्या आवडत्या वीराचा वेष घेऊन जावयाचें होतें. हिरवें व काळें कापड तिनें उल्हासनगरच्या जपानी बाजारांतून आणिलेंही होतें. बाजाराच्या नांवाचा आणि जपानच्या वीराचा हा मेळ पाहून आम्हांस हंसूं आलें. वडिलांनीं मात्र परीक्षेचें वर्ष म्हणून कापड कपाटांत कोंडलें. दोघेही आपापल्या परीनें हट्टी. शेवटीं आजीबाईंनीं नातीस जवळ बसवून एवढेंच विचारलें, 'बाई, ह्या तुझ्या मुलाची गोष्ट तरी काय आहे?'

गोष्ट 'डीमन स्लेयर' या चित्रकथेंतील. कोयोहारु गोतोगे यांची ही कथा २०१६ पासून २०२० पर्यंत जपानी साप्ताहिकांतून येत होती. तिचे तेवीस खंड आहेत. तान्जिरो हा कोळसे विकून कुटुंब पोसणारा मुलगा. एके रात्रीं राक्षस त्याचें घर बुडवितो. उरते ती एक बहीण, आणि तीही राक्षसी होते. राक्षसांस ऊन्ह सोसत नाहीं, म्हणून हा मुलगा तिला लांकडी पेटींत घालून पाठीवर वाहतो, आणि ती पुन्हां माणूस व्हावी म्हणून वणवण फिरतो. आजीबाई ऐकून म्हणाल्या, 'म्हणजे पाठीवर वेताळ घेतलेला विक्रमच कीं! फक्त हा सख्खी बहीण वाहतो.' दुसऱ्या दिवशीं त्यांनींच शिवणयंत्र उघडलें, आणि हिरव्याकाळ्या चौकटींचा तो अंगरखा चार दिवसांत शिवून झाला. वडील मेळाव्यास गेले नाहींत. पण पुठ्ठ्याची पेटी गाडीच्या गर्दींत चेंगरेल, म्हणून स्टेशनपर्यंत ती त्यांनीं डोक्यावर नेली.

वेष घेण्यास आमचा विरोध नाहीं. दशावतारांतल्या संकासुरास टाळ्या देणाऱ्या व बहुरूप्यास पसाभर धान्य घालणाऱ्या समाजानें या 'कॉस्प्ले'स भलतेंच मानूं नये. परंतु ज्याचें सोंग घ्यावयाचें, त्याची कथा घरांतील वडील माणसास अथपासून इतिपर्यंत सांगतां आली पाहिजे, ही अट मुलांस घालावी. ती ज्यास पुरी करितां येत नाहीं, त्याची भक्ति दुकानापुरती समजावी. मेणकापडाचे बिल्ले आणि प्लॅस्टिकच्या महागड्या बाहुल्या यांवर पैसे उधळणें आम्हांस पसंत नाहीं. उलट पुस्तकें विकत घेऊं द्यावीं. तीं उजवीकडून उघडतात, त्यामुळें आपल्यास प्रथम गोंधळल्यासारखें होतें. उल्हासनगरांतील सिंधी आजोबांस तो प्रश्नच येणार नाहीं. त्यांची लिपि उजवीकडूनच चालते.

इंद्रजाल १९९० सालीं बंद पडलें. त्या काळीं किलोच्या भावानें गेलेल्या अंकांस आतां संग्राहक मूळ किमतीच्या कितीतरी पट दाम देतात. कोणाच्या माळ्यावर मराठी अंक अजून पडून असतील, तर ते दमट भिंतीपासून दूर ठेवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, जाड कागदांत गुंडाळून ठेवावे. आणि रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं, ज्यानें ते लहानपणीं वाचले त्यास एकदां विचारावें, मग तो आज पन्नाशीचा कां असेना.