लाल पान आणि सीताफळ

ऑक्टोबर उजाडला की अनेक बालवर्गांच्या भिंतींवर कागदाची लाल-पिवळी पाने चिकटतात. इंग्रजी चित्रपुस्तकांतही तेच असते: गळणारी पाने, भोपळे, सफरचंदे, लोकरीच्या टोप्या. केजीतले पोर घरी येऊन घडाघडा म्हणते, "ऑटममध्ये पाने गळतात." अम्मी खूष होते. पण खिडकीबाहेर पाहावे तर पावसाने धुतलेली हिरवीगार झाडे आणि डोक्यावर ऑक्टोबरचे कडक ऊन!

भगिनींनो, पुस्तक खोटे नाही, ते दुसऱ्या मुलखाचे आहे. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की झाडे पानांतला हिरवा रंग तयार करणे थांबवतात. तो ओसरला की पानात आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. काही झाडांत लाल रंगही तयार होतो. लांब कशाला, आपल्या काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनार असाच तांबूस होतो. महाराष्ट्रात मात्र साग, पळस यांची पानगळ हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते.

प्रश्न फक्त पानांचा नाही. चार-पाच वर्षांचे मूल वाचायला शिकते, तेव्हा ते छापलेला शब्द आणि पाहिलेली वस्तू यांची गाठ मारायला शिकते. पुस्तकात एक आणि बाहेर दुसरेच, असे वारंवार झाले की पुस्तक हे फक्त पाठ करायचे असते, असा त्याचा समज होतो. ही सवय एकदा लागली की पुढच्या वर्गांतही सहजी सुटत नाही.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शिकण्याचे साहित्य बनवले. तेच आपण घरी करू शकतो. चार कोरे कागद दुमडा, मधोमध दोरा घाला, झाली वही. मग मुलाला घेऊन बाजारात जा. या दिवसांत सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, झेंडूचे ढीग असतात, लाल भोपळ्याच्या फोडी असतात. कोकणात भात कापणीला आलेला असतो. मुलाने चित्र काढावे, आपण खाली मोठ्या अक्षरांत लिहावे:

इथे आहे सीताफळ.
इथे आहे झेंडू.
इथे आहे भोपळा.

दोन शब्द प्रत्येक पानावर तेच. तिसरा चित्र सांगते. शब्दाखाली बोट फिरवत रोज एकदा वाचा. दोन-चार दिवसांत मूल स्वतः बोट फिरवू लागेल. मग टाळ्यांचा खेळ घ्या: झें-डू, दोन टाळ्या, भो-प-ळा, तीन टाळ्या. शब्द आवाजांच्या तुकड्यांनी बनतो, हे त्याला खेळता खेळता कळते. घरात नानी सीताफळाला शरीफा म्हणत असेल, तर तेही सांगा. एका फळाला दोन नावे ठाऊक असणे ही मुलाची कमाई आहे, गोंधळ नव्हे.

आपल्या घरांत याची गरज थोडी जास्तच आहे. आपले सण चंद्रावर चालतात. 2006 साली रमजान ईद ऑक्टोबरात आली होती, 2025 साली ती 31 मार्चला आली. त्यामुळे "ईद आली म्हणजे अमुक ऋतू" असे मुलाला सांगता येत नाही. ऋतू त्याला झाडावरून, शेतावरून, फळवाल्याच्या हातगाडीवरूनच वाचावा लागतो.

तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतली चित्रपुस्तके मोफत वाचता येतात. निवडताना एवढेच पाहा, की त्यातली एक तरी गोष्ट मुलाने हाताळलेली असावी.

शाळेतले लाल पान मात्र फेकून देऊ नका. वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा आणि सांगा, "हे काश्मीरच्या चिनारासारखे. बाजारातली सफरचंदेही तिकडूनच येतात." पुढे थंडीत आवारातला देशी बदाम लाल पाने गाळू लागला, की एक पान उचलून त्याच्या शेजारी लावा. त्या दिवशी ते पोर पाठ केलेले वाक्य म्हणणार नाही, स्वतः पाहिलेले सांगेल.