मोटरीआधी तुळईचा हिशेब करा

लाकडावर नक्षी कोरणारे सीएनसी राउटर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवू पाहणाऱ्या सुतार व वेल्डर बंधूंचे आम्हाला कौतुक वाटते. परंतु पैसा आधी मोठ्या स्पिंडलवर जातो आणि दोन खांबांवरची आडवी तुळई, म्हणजे गॅन्ट्री, भंगारातल्या पाइपवर भागवली जाते. आमच्या मते हा हिशेबच उलटा आहे.

चार फुटी प्लायसाठी तुळई साधारण १३०० मि.मी. लागते. दोन्ही टोके नुसती टेकलेली व मधोमध ३० किलोचा जोर धरला, तर ५० मि.मी. चौकोनी, ३ मि.मी. जाडीचा लोखंडी पाइप सुमारे ०.३२ मि.मी. लवतो. १०० मि.मी. चौकोनी, ५ मि.मी. जाडीचा केवळ ०.०२४. वजन साडेतीनपटीच्या आत, ताठपणा मात्र जवळजवळ चौदापट! अ‍ॅल्युमिनियम दिसायला देखणे, पण त्याच मापात ते लोखंडाच्या जवळपास तिप्पट लवते.

खरी फसगत पिळात होते. कटर तुळईच्या बराच खाली असतो. लाकडाचा रेटा बसला की तुळई पिळवटते आणि नक्षीवर लाटा उमटतात. दाराची फळी वाया जाते, गिऱ्हाईकही जाते. उघडे चॅनेल पिळापुढे टिकत नाही, चारी बाजूंनी बंद पाइपच हवा. वेल्डिंगने पाइप थोडा वाकतोच. म्हणून रूळ बसवायच्या जागेचे मिलिंग वेल्डिंगनंतर करून घ्यावे, आधी नव्हे. ही मजुरी वाचवणाऱ्यांना पुढे रुळाखाली पत्र्याचे तुकडे सारत बसावे लागते.