पडद्यावर खुणांना स्वतःचे हात हवेत

हुबळी-धारवाड परिसराची ओळख कानांशी जोडलेली आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी ही नावे उच्चारली की या मातीचा सूर आठवतो. याच जोडशहरात वाढणाऱ्या कर्णबधिर तरुणांचे सांस्कृतिक जग मात्र डोळ्यांचे आणि हातांचे आहे. मोबाईलवरील व्हिडिओ कॉलने या जगाचा विस्तार केला. दूरध्वनीने ज्यांना वगळले होते, त्यांना पडद्याने संवाद दिला. मात्र चित्रपटाच्या मोठ्या पडद्यावर त्यांना अजून स्वतःची ओळख सापडलेली नाही.

कर्णबधिर पात्रे आपल्या चित्रपटांना नवी नाहीत. एन. लक्ष्मीनारायण यांच्या ‘नांदी’ (1964) या कन्नड चित्रपटात हरिणी यांनी कर्णबधिर पत्नी साकारली. ‘कोशिश’मध्ये (1972) संजीवकुमार आणि जया भादुरी होते, तर ‘खामोशी’मध्ये (1996) नाना पाटेकर आणि सीमा विश्वास गोव्यातील कर्णबधिर दाम्पत्य झाले. या कलावंतांच्या अभिनयाविषयी दुमत नाही. तथापि हे सारे कलावंत ऐकू येणारे होते. कर्णबधिर कलावंतांना अशा भूमिका मिळतात तेव्हा काय घडते, हे ‘कोडा’ या अमेरिकी चित्रपटाने दाखवले. त्यातील पित्याच्या भूमिकेसाठी कर्णबधिर अभिनेते ट्रॉय कोट्सर यांना 2022 मध्ये ऑस्कर मिळाले.

हा प्रश्न केवळ भूमिकावाटपाचा नाही. सांकेतिक भाषा म्हणजे बोलीभाषेचे हातवारे नव्हेत. तिला स्वतंत्र व्याकरण आहे. प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते; भुवया, मान आणि चेहरा यांनाही व्याकरणिक कार्य असते. चित्रीकरणापुरत्या शिकलेल्या खुणांत हे बारकावे हरवण्याचा धोका राहतो. उपशीर्षकांनाही मर्यादा आहे. खुणांतून विचार करणाऱ्या अनेक तरुणांसाठी लिखित कन्नड किंवा मराठी ही दुसरी भाषा असते. त्यामुळे उपशीर्षके आवश्यक असली तरी पुरेशी नाहीत.

कायद्याने काही पावले उचलली आहेत. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे कलम 42 दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषेतील अनुवाद आणि उपशीर्षके यांची तजवीज करण्यास सांगते. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना कर्णबधिर आणि दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी प्रत्येकी किमान एक सुविधा देणे त्यांत अपेक्षित आहे. डिसेंबर 2024 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी पीएम ई-विद्या योजनेत 31 क्रमांकाची वाहिनी सुरू झाली. मात्र हे सारे कर्णबधिरांना प्रेक्षक किंवा विद्यार्थी मानते. निर्माते, लेखक, अभिनेते म्हणून त्यांचा विचार त्यात फारसा नाही.

सीमाभागासाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. मराठी, कन्नड, कोकणी यांच्या अस्मितांवर येथे दशकानुदशके वाद झडले. भारतीय सांकेतिक भाषा या सीमा सहज ओलांडते. प्रांतागणिक काही खुणा बदलतात, व्याकरण बहुतांशी समान राहते. त्यामुळे धारवाडचा आणि म्हापशाचा कर्णबधिर तरुण एकमेकांशी ज्या सहजतेने बोलू शकतात, ती त्यांच्या ऐकू येणाऱ्या शेजाऱ्यांना लाभेलच असे नाही. असे असूनही संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत तिला स्थान नाही.

गोवा 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे यजमानपद भूषवत आहे, तर 2023 पासून दिव्यांगांचा पर्पल महोत्सवही येथे भरतो. या दोन्ही परंपरांचा मेळ घालून गोवा, उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातील कर्णबधिर तरुणांसाठी चित्रपटनिर्मितीची कार्यशाळा उभी करणे अवघड नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागणार नाही. कॅमेरा आणि दुभाषे पुरवून कथा सांगण्याचा अधिकार ज्यांची ती कथा आहे त्यांच्याकडे सोपवण्याची तयारी मात्र लागेल.