विमानाचे तिकीट काढताना शेवटचा आकडा वाचा



1 ऑक्टोबर 2017 रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि आपल्या नगर जिल्ह्यात विमान उतरू लागले. आज आपली मुले-मुली दूरच्या शहरांत नोकरीला, शिक्षणाला आहेत. कोणी आजारी पडले, मुलाखतीचे बोलावणे आले, की कष्टकरी घरातही विमानाचे तिकीट काढण्याची वेळ येते. तिकीट मोबाईलवर निघते; पण घामाचा पैसा नेमका तिथेच गळतो.

पहिल्या पानावर दिसणारे भाडे पूर्ण नसते. पैसे भरायच्या वेळी त्यात 'सुविधा शुल्क' येऊन बसते. अनेक ठिकाणी ते माणशी आणि प्रत्येक फेरीला वेगळे धरतात. समजा, ते 300 रुपये आहे. घरातील चौघे जाऊन-येऊन प्रवास करणार, म्हणजे आठ वेळा 300. झाले 2,400 रुपये! चार-पाच दिवसांची मजुरी. तिकीट रद्द केले तर हे शुल्क सहसा परत मिळत नाही. म्हणून दोन-तीन ठिकाणचे भाव ताडून पाहताना पहिला आकडा नव्हे, शेवटचा आकडा पाहावा.

विमा, आसन, जेवण यांच्यापुढे आधीच खूण केलेली असेल तर ती काढावी. आसन विकत घेतलेच पाहिजे असे नाही. न विचारता वस्तू गळ्यात मारणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, खोटी घाई दाखवणे अशा 13 युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. विमानतळाच्या खिडकीवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे केंद्र सरकारने जुलै 2022 मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

आपले अनेक लोक तिकीट सायबर कॅफेतून काढून घेतात. तिथे मोबाईल नंबर आपलाच द्यावा, नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहून घ्यावे आणि छापील तिकिटावर ते लगेच तपासावे. कंपनीकडून थेट काढलेल्या तिकिटावर नावात किरकोळ चूक दिसली, तर 24 तासांच्या आत कळवावे. ती विनाशुल्क दुरुस्त होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. 'हे तिकीट परत होत नाही' असे सांगितले की आपली माणसे गप्प बसतात. गप्प बसू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के प्रवाशाला परत मिळाली पाहिजेत. सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे. रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. परतावा देण्यासाठी पुन्हा वेगळे शुल्क लावता येत नाही. आणि तिकीट एजंटाकडून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.

तिकीट, पावती आणि पैसे गेल्याचा संदेश जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. रक्कम दोन-चारशे रुपयांची असली तरी मागा. तो आपल्या कष्टाचा पैसा आहे, आणि नियम आपल्या बाजूने आहे.